स्पर्धकांबरोबर सॉफ्टवेअर लिहायचंय? आधी ‘पोहोचला’ म्हणजे काय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराची मालवाहतूक कंपनी, काही गाड्या स्वतःच्या, बाकीच्या भाड्याच्या. पाच मोठे ग्राहक आणि पाचांची पाच वेगळी पोर्टलं. एकाच खेपेची माहिती ऑफिसात तीनदा टाइप होते: आपल्या सिस्टीममध्ये, ग्राहकाच्या पोर्टलवर आणि शेवटी एक्सेलमध्ये, कारण सगळ्यांचा खरा विश्वास एक्सेलवरच. आता ओळखीच्या तीन-चार कंपन्या म्हणतायत की मिळून ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर बनवू. त्यावर मालकांचा सवाल, ‘आपले पैसे घालून समोरच्याचा धंदा का वाढवायचा?’

मालकांचा सवाल रास्त आहे, त्याला हसू नका. मी डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या रवाना करायच्या, टेबलावर सुरुवात केली आणि नंतर आयटीत आले. या धंद्याच्या दोन्ही बाजू मिळून सतरा वर्षं झाली. अशा एकत्र येण्याच्या तीन प्रयत्नांत मी होते. एक चाललं, एक बैठकांमध्येच विरलं आणि एक चालतंय असं कागदावर दिसतं. त्यामुळे ‘ओपन सोर्स चांगलं, करून टाका’ असं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही.

तुमचा प्रश्न सॉफ्टवेअर विकत की घरचं असा मांडलाय, पण दुखणं वेगळं आहे. तीनदा टाइप करावं लागतं ते तुमच्या सिस्टीमला ग्राहकाच्या सिस्टीमची भाषा कळत नाही म्हणून. उद्या जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर आणलंत तरी पाच पोर्टलं पाचच राहणार. बाहेरच्या जगाशी बोलायची सोय एकट्याने करून भागत नाही, ती दोन टोकांना लागते. म्हणून तुमच्या ओळखीच्या कंपन्यांची सूचना मुळात बरोबर दिशेची आहे. ती पेलवेल का, हे मात्र तीन गोष्टींवर ठरतं: ग्राहकांपैकी किती जण एपीआय किंवा ईडीआय (दोन सिस्टीमनी आपसात थेट माहिती द्यायची-घ्यायची नवी आणि जुनी सोय) द्यायला तयार आहेत, तुमच्याकडे कोड वाचू शकणारं निदान एक माणूस आहे का, आणि त्या तीन-चार कंपन्या एकमेकींचे ग्राहक पळवतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘रोज पळवतात’ असं असलं तरी काम होऊ शकतं. फक्त रचना वेगळी करावी लागते, त्याकडे येतेच.

आधी एक प्रसंग सांगते, कारण माझं सगळं मत त्यातूनच बनलंय.

एका ग्राहकाचा माल आम्ही तीन वाहतूकदार मिळून हलवत होतो. ग्राहकाला तिघांच्या गाड्या एकाच पडद्यावर हव्या होत्या. तांत्रिक काम दोन आठवड्यांत झालं. तिघांच्या सिस्टीममधून स्थिती येऊ लागली: निघाला, वाटेत, पोहोचला. पहिल्या महिन्याचा अहवाल आला, तर एक कंपनी बाकी दोघांपेक्षा सरासरी चार-पाच तास लवकर पोहोचत होती. रस्ता तोच, गाड्या तशाच. आमच्या मालकांनी आम्हाला फैलावर घेतलं.

खोदून पाहिलं तेव्हा कळलं की त्या कंपनीच्या सिस्टीममध्ये जीपीएसने गाडी गोदामाच्या एक किलोमीटरच्या वर्तुळात आली की आपोआप ‘पोहोचला’ पडायचं. दुसऱ्या कंपनीत गेटवरच्या माणसाने नोंद केली की पडायचं. आमच्याकडे ड्रायव्हरने सही-शिक्क्याच्या पोचपावतीचा फोटो टाकल्यावरच. म्हणजे गाडी बाहेर रांगेत सहा तास उभी असली तर एकासाठी माल सकाळी नऊला पोहोचलेला असे आणि आमच्यासाठी दुपार टळल्यावर. डिटेंशनचे, म्हणजे गाडी खोळंबून ठेवल्याचे, पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे भांडणही याच शब्दावर अडलेलं होतं. ते आम्हाला तोवर दिसलंच नव्हतं.

मग ग्राहक धरून आम्ही चौघांनी बसून त्या एका शब्दाचे पाच तुकडे केले: गाडी आवाराबाहेर आली, गेटमधून आत गेली, उतरवणं सुरू झालं, उतरवणं संपलं, पोचपावती मिळाली. प्रत्येकापुढे वेळ, आणि ती वेळ कोणी नोंदवली: यंत्राने, गेटने की ड्रायव्हरने. या पाच ओळींवर एकमत व्हायला सात आठवडे लागले. कोड दोन आठवड्यांचा होता, हे लक्षात घ्या.

ही अडचण आमच्या चौघांपुरती नव्हती. कंटेनर जहाजांच्या बड्या कंपन्यांनी, मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड आणि वन (ONE) या चौघांनी, २०१९ साली डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन नावाची ना-नफा संस्था काढली. तिच्या सुरुवातीच्या कामांत हेच होतं: मागोवा घेताना प्रत्येक घटनेला एकच नाव आणि एकच अर्थ द्यायचा. वेळ नियोजित आहे, अंदाजित आहे की प्रत्यक्षातली, हेही तिथे वेगळं लिहावं लागतं. ही मानकं कोणालाही उतरवून घेता येतात. जीएस-वन या बारकोडवाल्या संस्थेचं ईपीसीआयएस नावाचं मानकही याच जातीचं आहे: काय, कुठे, केव्हा आणि का. तुम्ही शून्यातून शब्दकोश लिहायला बसणार असाल तर आधी ही दोन नजरेखालून घाला. निम्मं भांडण वाचेल.

आता मालकांच्या सवालाकडे. समोरच्याचा धंदा का वाढवायचा?

या धंद्याचा इतिहास मालकांना ऐकवा. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालं, डेकवर ५८ कंटेनर घेऊन. पुढची काही वर्षं मात्र ज्याची त्याची पेटी वेगळी होती, लांबी वेगळी, कोपऱ्यातलं कुलूप वेगळं. एकाची पेटी दुसऱ्याच्या क्रेनला लागेना. अखेर १९६३ मध्ये मॅकलीनच्या कंपनीने आपल्या कोपऱ्याच्या फिटिंगचं पेटंट मोकळं केलं, त्यातूनच पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं फिटिंग आलं. त्याने ते दानधर्म म्हणून केलं असं मला वाटत नाही. आपल्याच मापाच्या पेट्या जगभरच्या बंदरांत हलल्या तर आपलाच धंदा वाढतो, एवढं त्याला कळत होतं. कुलूप सगळ्यांचं एक झालं, तरी कोणाची पेटी भरायची आणि किती भाड्याने, ही चुरस संपली नाही.

गंमत बघा, त्याच वर्षी, जहाज निघाल्यानंतर अवघ्या २३ दिवसांनी, १९ मे १९५६ ला जिनिव्हात रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा सीएमआर करार झाला. आपण ज्याला बिल्टी म्हणतो, त्या कागदाचा. पेटी काही वर्षांत जगभर एका मापाची झाली. कागदाला इलेक्ट्रॉनिक रूप द्यायचा पूरक करार यायला २००८ साल उजाडलं आणि तो अमलात आला २०११ मध्ये. युरोपीय संघात तर मालाची इलेक्ट्रॉनिक माहिती सरकारी यंत्रणांनी स्वीकारलीच पाहिजे, ही सक्ती ९ जुलै २०२७ पासून आहे. लोखंड सुधारायला कमी वेळ लागला, कागदाला जास्त. कारण लोखंड एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना कोणी सही मागत नाही.

तर वाटणी कशी करायची? मी एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट चांगली केली म्हणून एखादा ग्राहक समोरच्याला सोडून आपल्याकडे येईल का? येणार असेल तर ती घरातच ठेवा. तुमचे दर, तुमचे ग्राहक, कोणत्या मार्गावर परतीचा माल कोणाकडून मिळतो, कोणता ड्रायव्हर रात्रीच्या घाटाला पाठवायचा, हे सगळं तुमचं. बिल्टीचा डिजिटल नमुना, स्थितीचे संदेश, पोर्टलला जोडणारे छोटे कनेक्टर, पोचपावतीच्या फोटोतून मजकूर वाचणं, कंटेनर नंबर तपासणं, हे केलं म्हणून कोणी ग्राहक येत नाही. चुकलं तर मात्र जातो. हे सगळं वाटून घ्या.

कंटेनर नंबरचंच उदाहरण जवळून बघू, कारण आपल्या धंद्यात एकच काम किती जण पुन्हापुन्हा करतात ते त्यात दिसतं. आयएसओ ६३४६ प्रमाणे नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. समजा नंबर आहे सी-एस-क्यू-यू ३०५४३८, शेवटी ३. प्रत्येक अक्षराला किंमत असते: ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी म्हणजे १३. मधला ११ गाळलेला आहे, तसेच २२ आणि ३३ सुद्धा. इथे सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. मग पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचं. बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी ३ उरते, तोच शेवटचा आकडा. जुळलं. टाइप करताना एखादा आकडा चुकला की हा आकडा सहसा जुळत नाही आणि चूक जागच्या जागी पकडली जाते.

हे वीस ओळींचं काम. तरीही मी निदान सहा कंपन्यांत ते सहा वेळा नव्याने लिहिलेलं पाहिलंय आणि त्यातल्या दोन ठिकाणी चुकीचं. एकाने ११, २२, ३३ गाळलेच नव्हते. या किमती का गाळायच्या ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं: अकराने भागल्यावर त्यांची बाकी शून्य, म्हणजे ते अक्षर हिशेबातूनच गायब होतं. दुसऱ्याने बाकी १० आली तर काय, याचा विचार केला नव्हता. नियमाप्रमाणे तिथे ० धरायचा. असे नंबर क्वचित येतात, म्हणून त्याची सिस्टीम बहुतेक वेळा बरोबर चालायची आणि मधूनच एखादा चांगला कंटेनर ‘अवैध’ म्हणून परत पाठवायची. दोन वर्षं डिस्पॅचवाले त्यावर एक्सेलनेच मात करत होते. एक्सेलवर विश्वास का बसतो ते कळलं ना? हा कोड उघड्यावर, चार कंपन्यांच्या नजरेखाली असता तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी बोट ठेवलं असतं.

इथवरचं एका वाक्यात: भाषा आणि नळजोडणी सामायिक, पाणी ज्याचं त्याचं.

आता रचना. ज्यांचे ग्राहक एकमेकांत पळवले जातात त्यांनी एकत्र काम करायचं तर टेबल कोणाच्या घरात मांडायचं, हा खरा प्रश्न असतो. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचं मोठं व्यासपीठ आणलं. ते हायपरलेजर फॅब्रिक या ओपन सोर्स पायावर उभं होतं, पैसा आणि माणसं दोन्ही भरपूर. बरीच बंदरं आणि काही स्पर्धक कंपन्याही आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं; संपूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही, हे कारण त्यांनी स्वतःच दिलं. माझा अंदाज सांगते, तो अंदाज म्हणूनच घ्या: जहाज कंपनीच्या टेबलावर दुसऱ्या जहाज कंपन्या जेवायला येतात, पण हात राखून. खालचा कोड खुला असला तरी घर कोणाचं, हे सगळ्यांना माहीत असतं.

याउलट २०२१ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडला ओपन लॉजिस्टिक्स फाउंडेशन निघालं. डाखसर, डीबी शेंकर, ड्युसपोर्ट आणि रेनूस हे चौघे तिचे संस्थापक. चौघंही याच धंद्यातले. त्यांनी कोड एकाच्या ताब्यात न ठेवता ना-नफा संस्थेकडे दिला आणि सुरुवातीलाच हाती घेतलं ते इलेक्ट्रॉनिक सीएमआर, म्हणजे तीच बिल्टी. विषयाची निवड बघा. भडक काही नाही; ज्यावर कोणाचाही नफा ठरत नाही असा कागद.

तुम्ही तीन-चार जण लगेच संस्था काढायला जाऊ नका, त्यात एक वर्ष जाईल. पण दोन गोष्टी पहिल्या दिवशी करा. कोडचं भांडार कोणा एका कंपनीच्या खात्यात नको, वेगळ्या नावाने उघडा आणि चाव्या निदान दोघांकडे ठेवा. आणि बैठकीत दर, ग्राहक, रिकाम्या गाड्या यातलं काहीही बोलायचं नाही, हे इतिवृत्तात लिहून ठेवा. स्पर्धक एका खोलीत बसले की स्पर्धा कायदा दारात उभा असतो. एकदा वकिलाला दाखवून घ्या. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो, पण विरून गेलेला आमचा प्रयत्न इथेच विरला. तिसऱ्या बैठकीत कोणीतरी सहज ‘त्या मार्गावर तुम्ही काय दर लावता’ म्हणालं आणि पुढच्या बैठकीला दोन कंपन्यांनी माणसंच पाठवली नाहीत.

लायसन्सबद्दल थोडक्यात. अशा सामायिक नळजोडणीला मी अपाची २.० सुचवते. त्यात पेटंटचा परवानाही स्पष्ट दिलेला असतो आणि कोणालाही आपल्या बंद सिस्टीममध्ये ते जोडता येतं, त्यामुळे मालक मंडळी घाबरत नाहीत. जीपीएल आणि एजीपीएल ही दुसरी दोन ओपन सोर्स लायसन्स. जीपीएलचा कोड फक्त घरात वापरलात, बाहेर वाटला नाहीत, तर तुमचे बदल उघड करावे लागत नाहीत. एजीपीएलमध्ये मात्र बदललेली सिस्टीम नेटवर्कवरून दुसऱ्याला वापरायला दिलीत तर त्या वापरणाऱ्यांना कोड द्यावा लागतो. ग्राहकांसाठी पोर्टल काढणार असाल तर हे आधी वाचा. आणि ‘ओपन सोर्स घेतलं की आपला डेटा उघडा पडतो’ ही भीती ऑफिसात कोणीतरी काढतंच. कोड उघडा असतो. डेटा तुमच्याच सर्व्हरवर, तुमच्याच कुलपात. कुलूप मात्र नीट लावा.

फुकटच्या मोहाबद्दल मात्र माझंच पाप सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही गाड्यांच्या मागोव्यासाठी एक ओपन सोर्स सर्व्हर घेतला. चांगला होता, पण आम्हाला अहवाल वेगळे हवे होते, म्हणून त्याच्या गाभ्यातच बदल करत सुटलो. बदल मूळ प्रकल्पाला परत दिले नाहीत, वेळ नव्हता. दीड वर्षाने आमची प्रत मूळ प्रकल्पापासून इतकी लांब गेली की नवी आवृत्ती घेणं अशक्य झालं. मग डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतलं मोठं भगदाड उघडकीला आलं. जगभर सगळे धावपळीत होते, आणि आम्हाला तर आमच्या सिस्टीमच्या पोटात ती लायब्ररी कुठे कुठे आहे हेच सांगता येईना. सर्व्हरच्या नव्या आवृत्त्या घेत राहिलो असतो तर एका दुपारचं काम होतं. आमचे तीन आठवडे गेले. तेव्हापासून नियम असा: गाभ्याला हात लावायचा नाही, हवं ते बाहेरून जोडायचं, आणि गाभ्यातच बदल लागला तर तो मूळ प्रकल्पाने स्वीकारल्यावरच चालू करायचा. शिवाय कोणत्या सिस्टीममध्ये कोणते घटक आहेत याची यादी. धान्याच्या डब्यांवर चिठ्ठी लावतो तशी.

यासाठी माणूस लागतो. आठवड्यातले निदान दोन-अडीच दिवस फक्त हेच करणारा. तो देता येत नसेल तर एकत्र प्रकल्पात उतरूच नका, तयार सॉफ्टवेअर विकत घ्या. करारात एवढंच बघा की तुमचा डेटा सगळा, वाचता येईल अशा स्वरूपात, एपीआयने बाहेर काढता येतो. त्यात काही कमीपणा नाही.

आणि सगळं नव्याने लिहायचं नसतं हेही मालकांना सांगा. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून आहे. मार्ग काढायला ओएसआरएम, ग्राफहॉपर, वालहाला आहेत. वालहालामध्ये ट्रकची उंची-वजन धरून मार्ग काढता येतो. दहा गाड्या आणि ऐंशी ठिकाणं कशी वाटायची, याला व्हरूम किंवा गूगलचं ओआर-टूल्स. गोदामातल्या चालकविरहित गाड्यांसाठी ओपनटीसीएस. हे सगळं आज वापरता येतं. फक्त नकाशात एखाद्या पुलाची उंची चुकीची दिसली तर आपल्या एक्सेलमध्ये टिपून ठेवू नका, नकाशातच दुरुस्त करा. उद्या त्या पुलाखाली तुमचीच भाड्याची गाडी अडकेल, आणि तिचा ड्रायव्हर तुमचं एक्सेल बघत नसतो.

सुरुवात कुठून? तुमच्या जागी मी असते तर कोडला तीन महिने हात लावला नसता. पहिल्या महिन्यात आपल्याच ऑफिसात बसून, एका खेपेची माहिती कोण, कुठे, कितव्यांदा टाइप करतं ते घड्याळ लावून लिहिलं असतं. डिस्पॅचच्या माणसाशेजारी बसून; मॅनेजरला विचारून नाही. दुसऱ्या महिन्यात त्या तीन-चार कंपन्यांतल्या सर्वात विश्वासाच्या एकीशी मिळून ‘निघाला’ आणि ‘पोहोचला’ यांचे तुकडे पाडले असते. दोघीच पुरतात. चार जणांची पहिली बैठक जमवायलाच महिना जातो. तिसऱ्यात तो दोन पानी कागद घेऊन दोघींचा सामायिक असा एक ग्राहक गाठायचा आणि विचारायचं, ‘आम्ही दोघंही याच भाषेत माहिती पाठवू, तुमचं पोर्टल ती आपोआप घेईल का?’ ग्राहकालाही दोन जणांसाठी एकच जोडणी करावी लागणार असते, त्यामुळे तो ऐकतो. एकट्याने गेलात तर आयटीच्या रांगेत विसावा नंबर मिळतो.

तो हो म्हणाला की पहिला कनेक्टर लिहा आणि उघड्यावर टाका. मालकांना दाखवायला पहिल्या महिन्यातली घड्याळाची नोंद हाताशी असेलच.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, ती कळवा: पाचांपैकी किती ग्राहकांची पोर्टलं एपीआय देतात, किती जुन्या ईडीआयवर आहेत आणि किती फक्त हाताने भरायची आहेत? तीन किंवा जास्त हाताने भरायची असतील तर वरचा क्रम बदलावा लागेल. आधी ग्राहकाच्या खरेदी विभागाशी बोलणं आणि कराराच्या नूतनीकरणात एपीआयची अट घालणं. ती अट कशी लिहायची ते मग सांगते.